बोटं घरात, दार बंद

यवतमाळ जिल्ह्यात तीन वर्षांच्या लेकरापुढे चाकू ठेवून वर त्याच्या आईलाच "तू मधात पडू नको" म्हणून दटावणारी बाई एकच आहे, आणि माझं नशीब असं की ती नेमकी माझी विहीण निघाली. हे मी रागानं लिहीत नाही. म्हणजे बसलो होतो रागानंच, पण तिच्याबद्दल राग धरून दोन पानं सलग लिहिता येत नाहीत, मध्येच हसू येतं आणि सगळा मुद्दा पातळ होतो. तरी मुद्दा आधी सांगून ठेवतो, नाहीतर राहून जायचा. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात या बाईनं मला चौदा माणसांसमोर चाकू धरण्यात नापास केलं. त्या चौदांत नऊ तर पोरंच होती, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. वणीत माझं तीस वर्षांचं भांड्यांचं दुकान आहे. त्याआधी सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधून चाकू, उलथणी, अडकित्ते आणि पावश्या घेऊन मी आठवडी बाजार फिरलो आहे. विळीला आम्ही पावशी म्हणतो, आणि आमच्या भागातल्या निम्म्या घरांत कांदा माझ्याच पावशीवर चिरला जातो. बाप गेला तेव्हा माझ्याजवळ ती पेटीसुद्धा नव्हती, जे आहे ते सगळं मी ह्या दोन हातांनी आणि एका जिभेनं मिळवलं. अशा माणसाला नापास! आजवर तीन भागीदारांनी मला फसवलं, तिघांना मी माफ केलं. हे मात्र अजून घशात अडकलेलं आहे.

विहीणबाईंचं गाव मारेगावच्या रस्त्याला, पक्क्या सडकेपासून थोडं आत. घरची कापूस-सोयाबीनची शेती, बांधाला तूर. आमच्या शुभांगीचं लग्न ठरायचं होतं तेव्हा ही मंडळी पहिल्यांदा आमच्याकडे आली. रीतीप्रमाणे पोरीनं पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायचं, मुलाकडच्यांनी तिला चार प्रश्न विचारायचे आणि आपण छतावरच्या पंख्याकडे पाहत बसायचं. इथं उलटंच झालं. शुभांगी येऊन बसली न बसली तोच ह्या बाईनं पिशवीतून एक काकडी, दोन कांदे आणि फडक्यात गुंडाळलेला चाकू काढला, स्वतःच्या मुलापुढे ठेवला आणि मला म्हणाली, "तुमच्या पोरीले काय येते न काय नाही, थे तुमचं तुम्ही जाना. आमचा पोरगा पाहून घ्या." आणि तो भला माणूस, अंगात नवा कोरा शर्ट, खाली मांडी घालून कोशिंबीर करायला लागला. कांदा असा बारीक, असा सारखा, की माझ्या बायकोनं तिथंच डोळ्याला पदर लावला. ती म्हणते कांद्यामुळे. मी आपला मोठेपणा राखायला म्हणालो, "आमची शुभांगी चाकूच्या दुकानात वाढली, पण मी तिला कधी चाकूला हात लावू दिला नाही." मला वाटलं, पोर किती लाडात वाढली ते कळेल. विहीणबाईनं मुलानं चिरलेला कांदा एकदा बोटानं उलटून पाहिला. मग म्हणाली, "मंग बाप्पा, तुम्ही तिले चाकू नाही शिकवला, चाकूचं भेव शिकवलं." लग्नाची बोलणी मी अनेकांची केली आहेत, समोरच्याचा आवाज कुठं पडतो तिथं बोट ठेवायचं मला कळतं. पण बोलण्यांच्या त्या दोन तासांत ह्या बाईचा आवाज एकदाही पडला नाही आणि मी एकही गोष्ट कमीजास्त करून घेऊ शकलो नाही. आमच्या पोरीनं त्या कोशिंबिरीवरच हो म्हटलं.

पुढे जाणं-येणं वाढलं तेव्हा घराचा एकेक नमुना कळू लागला. लोकांच्या घरात चाकू मांडणीच्या मागं, फळीवर, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवतात. हिच्या स्वयंपाकघरात सगळी पाती भिंतीवर, ओळीनं, खिळ्यांना टांगलेली आणि तीही पाच वर्षांच्या पोराच्या नाकासमोर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं घरात शिरण्याआधी कुणाला तरी सांगून यायला हवं होतं. "हे काय मांडलं?" म्हणून मी आवाज चढवला तर तिनं डावा हात माझ्यापुढे धरला. करंगळीचं शेवटचं पेर नाही. लहानपणी हिच्या आईनं, पोरांच्या हाती लागू नये म्हणून, विळा कडब्याच्या पेंढीत लपवला होता. ही सहा-सात वर्षांची, गाईला कडबा घालायला गेली आणि पेंढी उपसली. "म्या विळ्यासंगं खेळलीच नाही," ती म्हणाली, "मले ठावंच नव्हतं थो कोठी हाये. दिसनारा विळा कापत नाही इवाईबुवा, लपवलेला कापते." व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, ती मला इवाईबुवा म्हणते तेव्हा त्यात आदर किती आणि चिमटा किती हे अजून मला सोडवता आलेलं नाही.

तर तिथपासून ह्या बाईनं ठरवलं की आपल्या अंगणात जे पोर येईल ते चाकू शिकून जाईल. मुलगा-मुलगी, आपलं-परकं, जात-पात काही पाहायचं नाही. शेजारच्या तांड्यावरची दोन भावंडंसुद्धा रविवारी येतात. त्यांची आई आधी हिच्याशी कडाकडा भांडून गेली आणि नंतर धाकट्यालाही शिकायला सोडून गेली. शाळेला नाव नाही, पाटी नाही, पण इयत्ता पक्क्या आहेत. तिसऱ्या वर्षी पहिली इयत्ता: केळं, आणि ते कापायला बांबूची घासून गुळगुळीत केलेली कमची. तिच्यानं लोणीही नीट कापलं जाणार नाही, पण नियम सगळे खऱ्या चाकूचे. बूड जमिनीला टेकल्याशिवाय कमचीला हात लावायचा नाही. हातात कमची असताना वर पाहायचं नाही, मग घरात वाघ येवो. पाचव्या वर्षी उकडलेला बटाटा आणि टोक घासून गोल केलेला चाकू. सातव्या वर्षी काकडी-भेंडी, आणि इथं तो मोठा मंत्र सुरू होतो. ज्या हातानं भाजी धरायची त्याची बोटं आत मुडपायची, नखं लपली पाहिजेत, अंगठा त्यांच्या मागं. पोरं एका सुरात म्हणतात, "बोटं घरात, दार बंद!" आणि मगच चाकू खाली येतो. आठवं वर्ष सरलं की पावशी, तिच्यावर पाय कसा टेकायचा, उठताना ती आडवी कशी करायची. आणि नवव्या उन्हाळ्याला परीक्षा, लोणच्याच्या दिवशी, सगळ्या घरासमोर. जो पास होईल त्याला त्याचा स्वतःचा चाकू.

देण्याचीही एक पद्धत आहे, आणि सगळं गाडं शेवटी तिथंच येऊन अडलं म्हणून नीट सांगतो. चाकू हातातून हातात द्यायचा नाही. आपल्या बहुतेक घरांत असं म्हणतातच, भांडणं होतात म्हणून. हिचं कारण सरळ आहे, दोन हात एका पात्यावर नकोत. देणाऱ्यानं चाकू जमिनीवर ठेवायचा, मूठ घेणाऱ्याकडे. मग हात पूर्ण उचलायचा. मग घेणाऱ्यानं घ्यायचा. आणि वर आणखी एक कलम: ज्याला चाकू धरता येत नाही, त्यानं चाकू द्यायचा नाही.

ही शिस्त घरापुरती असती तर मी काही बोललो नसतो, पण ही बाई जिथं जाईल तिथं तिची शाळा भरते. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं एसटीनं यवतमाळला चाललो होतो. पुढच्या सीटवरच्या बाईनं पिशवीतून काकडी काढली आणि चाकूनं सोलायला घेतली. वणीपासूनचा तो खड्ड्यांचा रस्ता ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. विहीणबाई उभी राहिली आणि तिनं सरळ घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कंडक्टर आला, "कोण उतरते?" "कोनी नाही. हे बाई काकडी कापून राह्यली." "मंग? आता काकडीसाठी गाडी उभी करू का मावशी?" "काकडीसाठी नाही बाप्पा, बोटासाठी." कंडक्टर चिडला, मी तर तोंड फिरवून आपण ह्यांच्यातले नाहीच असा बसलो. पण गाडी काकडी संपेपर्यंत उभी राहिली, आणि त्या बाईनं शेवटी एक फोड कंडक्टरलाही दिली. तिच्या घरात कुणी हातात चाकू घेऊन एका खोलीतून दुसरीत निघालं की टोक जमिनीकडे धरून "चाकू चालला!" आणि दुसरीत शिरताना "चाकू आला!" असं ओरडावं लागतं. एकदा शेताच्या मोजणीचा कागद घेऊन एक नवा माणूस दारात आला, त्यानं कडी वाजवली आणि त्याच वेळी आतून चार पोरं एकदम ओरडली, "चाकू आला! चाकू आला!" तो कागद उंबऱ्यावर ठेवून गेला. मोटारसायकल त्यानं कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली, सुरू करायलाही थांबला नाही.

आणि वाढदिवस! हल्ली खेड्यापाड्यातही केक आला. केक म्हटलं की पोराचा हात, त्यावर आईचा, त्यावर बापाचा, आत्या-मामा-काका, असे सात हात एका चाकूवर पडणार आणि फोटो निघणार. विहीणबाईला ते दृश्य पाहून अक्षरशः धाप लागते. माझ्या साठीला शुभांगीनं केक आणला, सगळे पुढे सरसावले आणि ही मागून गरजली, "हात डोक्यावर!" सगळ्यांचे हात डोक्यावर गेले. माझ्या दुकानातला हिशेबनीस, माझे दोन साडू, सगळ्यांचे. मी एकटा साठ वर्षांचा घोडा मध्ये उभा राहून केक कापतोय आणि भोवती पंचवीस माणसं शरण आल्यासारखी उभी, असा माझ्या साठीचा फोटो आहे. दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक विचारतात, काय झालं होतं?

आता आरूचं सांगतो. आरोही, माझी एकुलती एक नात, शुभांगीची. ती तीन वर्षांची झाली आणि पहिल्याच रविवारी ती कमची घेऊन केळ्यापुढे बसलेली मी पाहिली. माझा पारा चढला. मी विहीणबाईला म्हणालो, दहा वर्षांची होईपर्यंत माझी नात चाकूला शिवणार नाही. ती म्हणाली, तीन. मी म्हणालो, बरं, नऊ. ती म्हणाली, तीन. मी आठवर आलो, साडेसातवर आलो. जगातला कुठलाही सौदा घ्या, एकानं दहापासून सुरू केलं आणि दुसऱ्यानं तीनपासून, तर साडेसहाला हात मिळतात. ही बाई तीनवरून हललीच नाही, आणि मी साडेसातवर उभा राहून घसा कोरडा करत असताना आरूनं केळ्याचे अकरा तुकडे करून एक माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "आबाजी, खा न. मी कापलं." मी खाल्लं. सौदा तिथं संपला, पण त्या दिवशी मी मनात एक गोष्ट ठरवली. शिकवू देत हिला काय शिकवायचं ते, पण नवव्या वर्षी आरूला तिचा पहिला चाकू मिळेल तो माझ्या हातून आणि माझ्या दुकानातला. आजवर त्या घरातल्या प्रत्येक पोराला चाकू हिनंच दिला आहे. पण शेवटी चाकू विकणारा कोण? मी. पोरीच्या आईचा बाप कोण? मी.

चाकू तर मी आरू सहा वर्षांची असतानाच काढून ठेवला. मालाच्या नव्या खोक्यातला, पातं वीतभर, शिसवी मूठ, हातात घेतला की आपोआप तोल साधणारा. असा नग शंभरात एक येतो. एका गिऱ्हाइकानं तो पाहिला, मागितला, मी दिला नाही, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. गेल्या वर्षी, आरूच्या परीक्षेला एक साल असताना, लोणच्याच्या दिवशी मी तो विहीणबाईला दाखवला आणि म्हणालो, पुढच्या वर्षी हा आरूला मी देणार. तिनं चाकू उलटसुलट पाहिला. "माल चांगला हाये," म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या मालाची स्तुती ऐकायला मला इतकी वर्षं लागली होती. मग म्हणाली, "द्या न. कोन नाही म्हन्ते? पन घरचा नेम हाये. आधी पास व्हा."

मी हसलो. बाह्या सरसावल्या. लोणच्याच्या दिवशी पडवीत असं असतं: मोठी माणसं अडकित्त्यानं कैऱ्या फोडतात, परीक्षेची पोरं टेबलाशी उभी राहून चाकूनं कोय काढतात आणि फोडी सारख्या करतात. फोडी मी सुंदर केल्या, बोटं घरात, दार बंद, सगळं. पण परीक्षेत एक छुपा पेपर असतो. पोरगं कामात गुंग असताना विहीणबाई बाजूनं जाते आणि टेबलाच्या कडेला ठेवलेला चाकू कोपरानं हळूच ढकलून देते. पडता चाकू धरायचा नाही. पाय मागं, हात वर, पडला तर पडला. पोरांसाठी ती बोथट चाकू ठेवते. माझ्या वेळी मीच ऐटीत म्हणालो होतो, माझाच घ्या, धार तर पाहा. तिचं कोपर लागलं, चाकू निसटला, पोरं उड्या मारून मागं झाली, आणि माझा हात, तीस वर्षं दुकानात उभा राहिलेला हात, मला न विचारता खाली गेला आणि त्यानं पडता माल वरच्या वर झेलला. पडू दिला असता तर टोक वाकलं असतं, तो नग कोण घेतो? दुकानदाराचा हात असाच विचार करतो. तळव्याला तीन टाके पडले. विहीणबाईनं स्वतः हळद भरली, स्वतः फडकं बांधलं, स्वतः मुलाला गाडी काढायला लावली, आणि मी गाडीत बसत असताना खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमाले चाकू विकता येते इवाईबुवा, धरता येत नाही. नापास." मागून टाळ्या.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझ्या बायकोला विचारा. रोज सकाळी मी ओट्याशी उभा राहायचो आणि ती कधी लाटणं, कधी पळी माझ्या बाजूला पाडायची. महिनाभर मी झेलत राहिलो. मग सुटायला लागलं. मग इतकं सुटलं की दुकानात गिऱ्हाइकाच्या हातून काचेचा पेला निसटला तर मी झेलायचं सोडून दोन पावलं मागं उडून हात वर करून उभा. पेल्याचा चुरा झाला, गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, हात तरी खाली घ्या." बायको म्हणाली, नातीला चाकू मिळेस्तोवर घरातली कपबशी शिल्लक राहील असं दिसत नाही.

ह्या मे महिन्यात तो दिवस आला. पडवी धुतलेली, कैऱ्यांचा ढीग, मोहरी कुटल्याचा वास. मी चाकू नव्या फडक्यात घेऊन गेलो होतो. आरूची परीक्षा आधी झाली. नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या, कपाळाला आठी. काय तिचा हात! कैरीची फोड न् फोड सारखी, आणि विहीणबाईनं कोपर मारलं तेव्हा अशी मागं सरकली जसं तिला चाकू पडणार हे चाकूच्या आधी कळलं. "पास!" शुभांगी, जिला मी कधी चाकूला हात लावू दिला नाही, ती शेजारी पावशीवर कांदा चिरत होती. तिनं डोळे पुसले आणि कांद्याकडे बोट दाखवलं. हे मात्र तिच्या आईवर गेलं आहे.

एक गोष्ट मला आल्याबरोबर दिसली होती. विहीणबाई उजवा हात पदराखाली घेऊन बसत होती. पाणी डाव्या हातानं द्यायची. तीस वर्षं मी लोकांच्या हातांकडे पाहत आलोय, तोंड काहीही बोलो, सौद्यात हात खरं सांगतो. दिवाळीपासून तिच्या हाताला कंप आहे, यवतमाळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, हे शुभांगी मला मागं फोनवर बोलली होती आणि मी ते दुकानाच्या गडबडीत ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. आता समोर पाहत होतो. जिनं उभ्या जन्मात घरातलं एक पातं झाकू दिलं नाही ती स्वतःचा हात झाकून बसली होती.

"चला इवाईबुवा, तुमचा नंबर," ती म्हणाली. मी टेबलाशी उभा राहिलो. कैरी घेतली, बोटं घरात, दार बंद. एक कैरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कोपर काही येईना. माझी मान अवघडली. मी म्हणालो, "अहो, पाडा ना आता. किती वेळ?" "तुमाले सांगून पाडू का? दम धरा." आणि मग मी फडक्यातून काढून टेबलावर ठेवलेला आरूचा तो नवा चाकू पुसून नीट ठेवावा म्हणून तिनं उजव्या हातात घेतला. तो उचलला गेला, थरथरला, आणि निसटला.

"चाकू!" पोरं ओरडली. नऊच्या नऊ मागं, हात वर. मीही मागं, माझेही हात वर. चाकू फरशीवर पडला, वाजला, गोल फिरला आणि थांबला. मी झेलला नव्हता. मला एवढा आनंद झाला की मी ओरडणारच होतो, आणि तेवढ्यात माझं तिच्याकडे लक्ष गेलं. तिचेही दोन्ही हात वर होते, तिच्याच नियमाप्रमाणे. पदर खांद्यावरून सरकला होता आणि उजवा हात सगळ्यांच्या समोर, हवेत, कापत होता. हा चाकू तिनं पाडलेला नव्हता हे लहानात लहान पोरालाही कळलं. तिनं स्वतःच्या हाताकडे एकदा पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग हात खाली घेतले.

"इवाईबुवा, तुम्ही पास," ती म्हणाली. आवाज तसाच, सूतभरही पडलेला नाही. "आन मी नापास. ज्याले धरता येत नाही, त्यानं द्याचा नाही. आरूले चाकू तुम्हीच द्या."

एवढी वर्षं मला जे हवं होतं ते तिनं घासाघीस न करता माझ्या पदरात टाकलं, आणि मला ते घेववेना. माझा आवाज चढला. "असं कसं नापास? पडता चाकू धरला का तुम्ही? नाही. पाय मागं होते? होते. हात वर होते? सगळ्यांनी पाहिले. मग कुठल्या कलमाखाली नापास? मला मान्य नाही!" "तुम्ही कायले भांडून राह्यले? तुमचाच फायदा हाये न." "मला नको तो फायदा! अर्धं अर्धं करा!" मी टेबलावर हात आपटला. चाकूच्या बाबतीत ती कधी हलली नव्हती, आताही हलेना. आम्ही दोघं तांबडेलाल होऊन एकमेकांकडे पाहत उभे, आणि मध्ये आरू. ती म्हणाली, "आबाजी, भांडू नको. आजी नापास नाहीये. आजीला फक्त पुन्हा पहिलीत बसवायचं. केळं आणि कमची. मी शिकवीन." आधी विहीणबाईच हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिथं कांदा जवळच होता, कुणी काही विचारलं नाही.

शेवटी असं ठरलं. मी खाली बसलो, चाकू पुसला आणि आरूपुढे जमिनीवर ठेवला. विहीणबाई शेजारी बसली आणि तिनं त्या अर्ध्या करंगळीच्या हातानं, एका बोटानं, मूठ आरूकडे वळवली. आरू हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला कळेना ही घेत का नाही. "आबाजी," ती म्हणाली, "हात उचल न. मंगच घेईन." माझा हात चाकूवरच राहिला होता. सवय. मी उचलला.

आता रविवारी मी गेलो की पडवीत दोघी समोरासमोर बसलेल्या असतात. मध्ये केळं, विहीणबाईच्या उजव्या हातात कमची. कधी तुकडे सरळ पडतात, कधी केळ्याचा चेंदामेंदा होतो. आरू सोडत नाही, "आजी, वर पाहायचं नाही," म्हणते, मी आलो तरी. मग आजी मान खालीच ठेवून म्हणते, "या इवाईबुवा, बसा, बूड टेका आधी." मी बसतो. वाकडे, चेंदलेले जे काय तुकडे पडतील ते आरू माझ्या हातावर ठेवते, मी खातो, आणि घरी निघताना दर वेळी ठरवतो की त्या गेल्या वर्षीच्या नापासाचा विषय पुढच्या रविवारी नक्की काढायचा.